व्हिएतनामहून विहिरीवरची मोटार

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

बॅग भरून झाली. परवा व्हिएतनाम! ड्रॅगन फ्रूट अभ्यास दौरा. राहुरी-कोपरगावचे बसभर शेतकरी आहेत, पण टेक्नॉलॉजीचा माणूस म्हणाल तर मी एकटाच. बाकीच्यांचं ज्ञान 'सुप्रभात'चे फोटो फॉरवर्ड करण्यापाशी संपतं.

काळजी एकच. डोंगळे. विहिरीजवळच्या तुकड्यात गावरान कांद्याचे डोंगळे, म्हणजे बियाण्यासाठी राखलेले फुलांचे दांडे, उभे आहेत. फुलं सरली, आता बी भरतंय. या दिवसांत पाण्याला खंड पडला की बी पोचट निघतं. आणि हे बी काही दुकानातलं नाही. आईनं लग्नात माहेराहून पदराला बांधून आणलेलं, दरवर्षी थोडं थोडं धरत आलेलं. गेल्या साली घरातलं सगळं भिजून कुजलं. आता जे आहे ते उभ्या डोंगळ्यांत. ते गेलं की आईच्या माहेरचा कांदा संपला.

भारती म्हणाली, तुमी निवांत जा, पाण्याचं मी बघते. मला हसू आलं. बिचारी! मोटार चालू करणं म्हणजे काय भाकरी थापणं आहे? मोबाईल स्टार्टर बसवलाय मी. स्टार्टरमध्ये सिमकार्ड. त्या नंबरला फोन लावायचा. आतून बाई बोलते, नमस्कार, मोटार बंद आहे. एक दाबला की चालू, दोन दाबला की बंद. शेवटी धन्यवादसुद्धा म्हणते. आणि नोंदणी फक्त माझ्या नंबरची. दुसऱ्या कुणाचा फोन ते मशीन उचलतच नाही. याला म्हणतात सिक्युरिटी.

भारती म्हणाली, मग माझा बी नंबर घाला की त्यात. म्हटलं, बघू, आल्यावर. (ती हे दोन वर्षांपासून म्हणतेय. मीही दोन वर्षांपासून बघतोय. असे निर्णय घाईत घ्यायचे नसतात.)

संकल्प: रोज सकाळी व्हिएतनामहून मोटार चालू करणार. जिल्ह्यात पहिलाच प्रयोग असावा.

१० फेब्रुवारी, सोमवार

मोबाईल कंपनीच्या मुलीचा फोन. सर, इंटरनॅशनल रोमिंग पॅक घ्या. तिला म्हटलं, ताई, पॅक अडाण्यांसाठी असतो. माझा दिवसाला एक फोन, तोही अर्ध्या मिनिटाचा. नुसतं रोमिंग चालू कर, बाकी माझं मी बघतो. ती म्हणाली, सर, पॅकशिवाय चार्जेस जास्त लागतील. मी गूढ हसलो. फोनवर तिला ते दिसलं नसणार.

कोपरगावचा राधाकृष्ण माझा रूम पार्टनर आहे. त्यानं म्हणे सगळ्यात मोठा पॅक घेतला. बोलायला मोकळं, डेटा मोकळा. अरेरे.

संध्याकाळी पंकज वायरमन स्टार्टर चेक करायला आला. जाता जाता म्हणतो, काका, काकूंचा नंबर टाकू का, एक मिनिटाचं काम हाय. म्हटलं, पंकज, तू वायरी बघ.

गावच्या विकास सोसायटीच्या सेक्रेटरींनी मी परत आल्यावर माझं भाषण ठेवलंय. विषय मीच सुचवला, 'परदेशातून पाणी व्यवस्थापन'. पोस्टरला माझा गॉगलवाला फोटो दिला.

१२ फेब्रुवारी, बुधवार. हो ची मिन्ह सिटी

पोचलो. हॉटेलला फुकट वायफाय! पॅकवाल्यांची कीव आली. लगेच व्हॉट्सअॅपवरून स्टार्टरला कॉल करायला गेलो.

स्टार्टरला व्हॉट्सअॅप नाही.

याची मला कल्पना होती. फक्त खात्री करून घेतली.

मग व्हॉट्सअॅपवर भारतीला फोन केला. कडक शब्दांत बजावलं, स्टार्टरला हात लावायचा नाही, सगळं इथून होणार आहे. ती म्हणाली, आज पाणी द्यायचं हुतं. म्हटलं, थोडा दम धर.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

नामी युक्ती! इथलं लोकल सिम घेतलं. अगदी स्वस्त. दुकानातल्या पोरीनं दोन मिनिटांत घालून दिलं. राधाकृष्णाला दाखवलं. तो म्हणाला, पण वाल्मिकराव, ह्या नंबरला तुमचं मशीन ओळखील का?

नाही ओळखलं. माझी सिक्युरिटी इतकी भक्कम आहे की मलाच आत घेतलं नाही. वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला.

दुपार. शेवटी माझंच सिम परत घातलं, डेटा रोमिंग चालू ठेवून. कुठं कोपऱ्यात ते बटण असतं, कोण बघतो? जेवून येईपर्यंत 'बळीराजा' ग्रुपवरची सगळी सुप्रभातं, गुलाब, वाढदिवसाचे केक आणि कुणाच्या तरी म्हशीचा व्हिडिओ उतरला. लगोलग कंपनीचा मेसेज, प्रिय ग्राहक, आपला डेटा वापर. पुढचं वाचलं नाही. म्हैस चांगली होती.

तेवढ्यात फोन वाजला. भारताचा नंबर! उचलला. एक मुलगी इंग्रजीतून पर्सनल लोन घ्या म्हणत होती. परदेशात आहे म्हटल्यावर मीही इंग्रजी सोडलं नाही. बराच वेळ बोललो. नंतर राधाकृष्ण म्हणाला, रोमिंगमध्ये आलेल्या फोनचे बी पैसे लागतात. हे कंपनीनं ठळक अक्षरात सांगायला पाहिजे होतं. सांगितलं असेल, पण ठळक नाही.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळ

यश!!! स्टार्टरला फोन लागला. नमस्कार, मोटार बंद आहे. एक दाबला. मोटार चालू झाली आहे, धन्यवाद. हो ची मिन्हच्या फुटपाथवर मी नाचलो. एका बाईनं मला दोन शहाळी विकली.

इथल्या वेळेचा हिशोब पक्का आहे. आपल्यापेक्षा हे दीड तास मागे. परदेश नेहमी मागेच असतो.

तोच दिवस, दुपार

पुढे असतात म्हणे. त्यामुळं भारतात त्या वेळी नुकतं उजाडलं होतं. आणि डोंगळ्यांकडं फिरवायचा म्हणून भारतीनं पाइप सोडून ठेवला होता. पाण्याचा लोट थेट खळ्यावर. तिथं आईनं तूर वाळत घातलेली.

व्हिडिओ कॉलवर आईनं ओली तूर अगदी कॅमेऱ्याला चिकटवून दाखवली. मुडद्या, तितं बसून हितं पूर आनतो व्हय रं, म्हणाली. बरंच काही म्हणाली. हॉटेलच्या रिसेप्शनवरची पोरगी घाबरून उठून गेली. भाषा कळत नसली तरी सूर कळतो.

भारती मात्र शांत होती. म्हणाली, असू द्या, आता मी बघते. म्हटलं, तू काय बघणार, तुझी नोंदणी नाही. म्हणाली, व्हय, न्हाईच की. आणि हसली. तिच्या मागं पंकज पक्कड घेऊन उभा दिसला. चहाला आला असावा.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आश्चर्य! स्टार्टरच्या सॉफ्टवेअरला अपडेट आलंय.

सकाळी (हिशोब नीट करून) फोन लावला. नेहमीपेक्षा जास्त रिंग वाजल्या. मग बाईचा आवाज, पण नवा. 'नमस्कार. मोटार बंद हाय.' हाय! कंपनीनं आपल्या भागाची बोली घातलीये. पूर्वीची बाई पुण्याची वाटायची, ही अगदी आपल्यातली. आवाज कुठंतरी ऐकल्यासारखाही वाटतो. माणसाला विश्वास वाटावा म्हणून असे आवाज मुद्दाम निवडतात.

एक दाबला. पूर्वी धन्यवाद म्हणायची, आता 'बरं' म्हणाली. मागं गाय हंबरल्याचा आवाजसुद्धा टाकलाय! शेतकऱ्याला घरच्यासारखं वाटावं म्हणून. भांड्यांचा आवाजही होता. बारीकसारीक विचार केलाय पोरांनी.

पंकजला हे सांगायला पाहिजे. त्याला अपडेट म्हणजे काय तेही माहीत नसेल.

१६ फेब्रुवारी, रविवार. ड्रॅगन फ्रूटचा मळा

मळा बघितला. लाल. छान.

खरी बातमी पुढं आहे. आज मशीननं एक दाबायच्या आधीच विचारलं, 'जेवलात का?' मी थक्क! एआय! म्हटलं, जेवलो, पण सगळं भातच भात, त्यात पाला. सहा दिवसांत भाकरीचं तोंड बघितलं नाही. मशीन म्हणालं, 'आगं बाई.' अगदी आपुलकीनं म्हणालं. मग जरा मोकळा बोललो. म्हटलं, घरी कुणाला सांगायची सोय नाही, बायकोला यातलं काय कळतंय.

फोन कट झाला. हा रोमिंगच्या कव्हरेजचा प्रॉब्लेम. मळ्याभोवती डोंगर आहेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार. सकाळ

मशीननं विचारलं, 'घरच्यांना काय घेतलं?' कंपनी बहुतेक कसला सर्व्हे करतेय. म्हटलं, मला एक घड्याळ, आईला शाल, भारतीला की-चेन. कव्हरेज गेलं.

परत लावला. 'नमस्कार. मोटार बंद हाय.' आवाज जरा कोरडा वाटला. लाईट कमी दाबानं येत असावी. म्हटलं, भारतीला की-चेन कमी पडेल का? मशीन म्हणालं, 'तिला किल्ली तरी कशाची दिली तुमी?' बरोबर मुद्दा. मग म्हणालं, 'उन्हात पान्याची दारं धरती, डोक्याला काय न्हाई तिच्या.' आता हे मशीनला कसं समजलं? कॅमेरा असणार. एवढ्याशा डबीत!

बाजारात जाऊन भारतीला इथली ती टोकदार मोठी टोपी घेतली.

सायंकाळ

एक महत्त्वाचं निरीक्षण. भारतीबद्दल वाकडं बोललं की कव्हरेज जातं, चांगलं बोललं की फुल्ल राहतं. दोनतीनदा तपासून पाहिलं. यामागं काहीतरी शास्त्रीय कारण असणार, आवाजाच्या लहरी वगैरे. राधाकृष्णाला सांगितलं तर तो माझ्याकडं बघतच राहिला. मग उशीत तोंड घालून पडला. खांदे हलत होते. त्याला घरची आठवण आली असेल, मी काही विचारलं नाही.

निव्वळ टॉवर टिकवायचा म्हणून भारतीबद्दल चांगलं बोलायला घेतलं. वाटलं, काय बोलणार? तर थांबेचनात मुद्दे. डोंगळ्यावर माव्याची कीड पडली तेव्हा आधी तिनं बघितली, मी आठ दिवस नाही म्हणत होतो. गावरान कांदा वेगळा लावून बी धरायचं तिनंच ठरवलं, मी फक्त पाटी लावली. माझ्या आईचं माहेर माझ्यापेक्षा तिनं जास्त जपलंय. हे सगळं मी त्या मशीनला सांगितलं.  तिकडून नाक ओढल्यासारखं झालं. लाईन खराब.

नंतर मशीन म्हणालं, 'हे तिला का सांगत न्हाई?'

म्हटलं, बाई, बायकोला असं सांगतात का कुठं? मशीन म्हणालं, 'व्हय, त्ये बी खरं.' आणि मी एक दाबायच्या आधीच म्हणालं, 'पानी चालूच हाय.' अंदाज घेऊन पाणी सोडतंय! भाषणात हा मुद्दा घ्यायचा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. बसमध्ये

घात झाला. कंपनीचा मेसेज. प्रिय ग्राहक, आपली रोमिंग मर्यादा संपली आहे, बिल भरेपर्यंत कॉल बंद. बिलाचा आकडा वाचला. चष्मा पुसून परत वाचला. आकडा तोच.

आज डोंगळ्यांचं महत्त्वाचं पाणी. एक दाबायला मी नाही! डोळ्यांपुढं पोचट बी दिसायला लागलं. आई नुसती बियाच्या रिकाम्या मडक्यात हात फिरवून बघेल.  सीटवरून उठलो, बसलो, परत उठलो. ड्रायव्हरला वाटलं मला उलटी होतेय, त्यानं पिशवी दिली.

राधाकृष्णानं आपला फोन पुढं केला. म्हणाला, लावा ह्याच्यावरून, मोकळा पॅक हाय. म्हटलं, राधाकृष्ण, तुमचा नंबर नोंदवलेला नाही, मशीन उचलायचं नाही, तुम्हाला यातलं समजत नाही. म्हणाला, लावा तरी. स्पीकरवर लावला.

उचलला!! 'नमस्कार, कोन?'

मी हादरलो. कसली सिक्युरिटी ही? कुणीही उठावं आणि माझी मोटार चालवावी? खडसावून विचारलं, तू अनोळखी नंबर उचलतेसच कशी? म्हणालं, 'वाजला म्हनून.' म्हटलं, डोंगळ्यांना पाणी सोड गं बाई, हात जोडतो, आता एक दाबून चालेल की नाही माहीत नाही. म्हणालं, 'सकाळीच दिलंय. पोटभर. तुमी पानी पिलात का? आवाज लई खोल गेलाय.'

अख्खी बस टाळ्या वाजवायला लागली. मी उभा राहून नमस्कार केला. मग काय, रांगच लागली. एकानं मशीनला विचारलं, गुरांच्या घासाला युरिया टाकू का. मशीन म्हणालं, 'आधी शेन टाका.' राधाकृष्णानं विचारलं, माझ्या मंडळींना काय नेऊ? म्हणालं, 'सोताला न्या, येळेवर.' बस हसून हसून रस्त्याच्या कडेला थांबवावी लागली. गाईडही हसत होता, त्याला मराठी येत नाही.

एवढं काय हसायचं ते मला कळलं नाही. नवं तंत्रज्ञान बघितलं की खेडवळ माणसं अशीच करतात.

त्यानंतर राधाकृष्ण तासभर फोनवर आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींशी कुजबुजत होता. ओळख कधी झाली कोण जाणे. माझ्या भाषणाची जोरात तयारी चाललेली दिसते.

१९ फेब्रुवारी, बुधवार. विमानतळ

भाषणाचा शेवट सुचला. 'बंधूंनो, यंत्रालाही माया असते.' दोनदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. शेजारचा जपानी उठून दुसरीकडं बसला.

२० फेब्रुवारी, गुरुवार. घर

गाडीतून उतरलो तो बॅगेसकट सरळ विहिरीवर. मोटार चालू. पाणी सरीतून झुळझुळ डोंगळ्यांकडं चाललेलं. आणि फोन तर कुणी केलेला नाही. मी तर नाहीच नाही, माझा बंद आहे.

स्टार्टरची पेटी उघडली. सिमची खाच रिकामी. खाचेत कुंभारमाशीनं मातीचं घर केलंय. ते वाळूनही गेलंय. बटण 'हात' या खुणेवर, म्हणजे मोटार हातानंच चालू-बंद होतेय.

बराच वेळ पेटीपुढं उभा होतो. आधी वाटलं, सिम कुणीतरी चोरलं. मग वाटलं, अपडेटनंतर सिमची गरजच राहिली नसेल. मग गाय हंबरली. तोच आवाज. त्याच सुरात.

मग एक एक करून सगळं आठवायला लागलं. की-चेन. पाला. नाक ओढल्यासारखी लाईन. बसमधल्या टाळ्या. पायांखालची जमीन सरकणं कसं असतं ते कळलं. मोकळी काळी जमीन, त्यात ओल. पाय खरंच रुतला.

एक डोंगळा तोडून तळहातावर चोळला. बी काळं कुळकुळीत. टपोरं, जड. फुंकर मारली तर एक दाणा उडाला नाही. डोळे भरून आले माझे, काय लपवायचं? आई बांधावर बसलेली. भारतीसाठी आणलेली टोकदार टोपी घालून. बॅगेतून कधी काढली कळलं नाही. म्हणाली, काय बगतो, तिनं वाळू दिलं न्हाई एक रोप. आणि म्हणाली, बसमधली चेष्टा मला बी ऐकवली तिनं, पर तू तिचं जे बोल्ला त्ये न्हाई ऐकवलं. त्ये सिमात हाय म्हन्ती.

सोसायटीचं नवं पोस्टर ग्रुपवर आलंय. विषय तोच, परदेशातून पाणी व्यवस्थापन. वक्त्या: सौ. भारती. गॉगलवाला फोटो खाली कोपऱ्यात, नाव स्वागत व चहापान समितीत. हे मी मोठ्या मनानं स्वीकारायचं ठरवलंय. मुळात तिला संधी द्यायची कल्पना माझीच होती, असं आता आठवतंय.

दुपारी बिल भरलं. फोन चालू झाला. ओट्यावर बसून सहज स्टार्टरचा नंबर लावला.

रिंग स्वयंपाकघरात वाजली. दारातून सगळं दिसत होतं. भारती भाकरी थापत होती. तिनं हात पुसला, फोन उचलला, माझ्याकडं बघितलं आणि कानाला लावला. म्हणाली, नमस्कार, मोटार बंद हाय.

मला बरंच बोलायचं होतं. मशीनशी कसं भराभरा बोललो होतो! तोंडातून एवढंच आलं, भारती, माझा नंबर आहे ना नोंदवलेला त्यात?

म्हणाली, बघू.

आणि कट. टॉवर आमच्या घरामागंच आहे. रेंज फुल्ल होती.